माझं पोर असतं तरी

सर्जनबाईंना गोड बोलता येत नसे, आणि त्याची त्यांना फारशी खंतही नव्हती. मुलाच्या पोटावर हात ठेवायचा, उजवीकडे खाली दाबायचं, झटकन सोडायचं आणि मूल किंचाळलं की आईबापांकडे वळून सांगायचं, "अपेंडिक्स आहे. काढावं लागेल." संपलं. समोरच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं तर तिला धीर देणं हे त्यांचं काम नव्हतं. ते झोपेकाकांचं काम.

झोपेकाका म्हणजे त्यांच्या साध्या, सगळ्या रोगांच्या हॉस्पिटलातले भूल देणारे डॉक्टर. नाव मुलांनीच पाडलेलं. ऑपरेशनच्या टेबलावर ते अशा काही थापा मारत, की भूल चढायच्या आत पोर खुदकन हसायचं. त्याआधी बाहेरच्या बाकावर ते आईबापांजवळ बसत. "शहरात मुलांचं मोठं हॉस्पिटल आहे, तिकडे न्यावं का हो?" हा प्रश्न ठरलेला. काका जराही गडबडत नसत. बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "माझं पोर असतं ना, तरी याच टेबलावर ठेवलं असतं. याच बाईंच्या हाताखाली."

दाराआड हात धुताना बाई ते ऐकत. कुणी व्यासपीठावर बोलावून शाल पांघरली असती तरी त्यांना इतकं बरं वाटलं नसतं. काकांना मात्र तसं त्या कधी बोलल्या नाहीत. सांगितलं ना, गोड बोलणं जमत नसे.

मग वरून फर्मान निघायची वेळ आली. यापुढे मुलांचं अपेंडिक्स फक्त मुलांच्या हॉस्पिटलात काढायचं, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. बाईंचं डोकं सणकलं. भांडून भांडून त्यांनी फर्मान काढणाऱ्या समितीकडून एवढं पदरात पाडून घेतलं, की आधी दोन्हीकडच्या मुलांची तुलना करू आणि मग काय ते ठरवू. कामाला त्या आणि काका बसले. जखम कुणाची चिघळली, पोटात पू कुणाच्या झाला, घरी गेलेलं कोण परत आलं, सगळं शोधून काढलं. बाई स्वतःशी निष्ठुर. टाक्याच्या कडेला जरा लाली दिसली होती एवढं कळलं तरी म्हणायच्या, "धर, चिघळली म्हणून धर." काका कपाळावर हात मारून घेत. "अगं, आपल्याच पायावर किती धोंडे मारून घेशील?"

निकाल मात्र स्वच्छ लागला. अगदी चिमुरड्यांच्या बाबतीत मोठं हॉस्पिटल सरस होतं, आणि बाईंनी ते बैठकीत पहिल्याच वाक्यात कबूल करून टाकलं. चांगलं अपेंडिक्स नाहक काढल्याचे प्रकारही तिकडे कमी होते. पण शाळेत जाणाऱ्या मुलांमध्ये चिघळणं, पू, पुन्हा भरती होणं, सगळं दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. बैठक मुलांच्या हॉस्पिटलातच होती आणि बाई एकट्याच गेल्या होत्या. दोनच दिवस आधी काकांचा फोन आला होता, सासूबाई घरात पडल्या, चार दिवस रजा टाकलीय. बाईंनी फोनवरच त्यांना फैलावर घेतलं होतं.

समितीनं मान्य केलं. चिमुरडी मुलं मोठ्या हॉस्पिटलात, शाळकरी मुलं जिथल्या तिथे. बाईंचा जीव भांड्यात पडला. सगळे उठले, चहा आला, आणि तिथले मुख्य सर्जन हसत हसत जवळ आले.

"पटलं बुवा तुमचं. पण तुमचे भूलतज्ज्ञ वरच्या मजल्यावर बसलेत, त्याचं काय? लेकीचं अपेंडिक्स परवाच काढलं मी. आकडे सारखे असले तरी माणसं शेवटी आमच्याकडेच येतात!"

आजूबाजूचे हसले. त्यात विखार नव्हता, चेष्टाच होती. बाईही हसल्या, कारण चेहऱ्याला दुसरं काही सुचलं नाही. मग चहा तसाच ठेवून त्या जिन्याकडे निघाल्या.

वर खिडकीजवळच्या कॉटवर काकांची दहा वर्षांची मुलगी उशीला टेकून बसली होती. बाईंना बघताच तिचा चेहरा फुलला. "मावशी! तू आलीस? तूच माझं ऑपरेशन करणार होतीस ना? पण बाबा म्हणाले, तू परगावी गेलीस."

परवा बाई दिवसभर आपल्या हॉस्पिटलात होत्या. दुपारी तर बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी डबाही खाल्ला होता.

"हो गं राणी," त्या म्हणाल्या. "गेले होते." कॉटपलीकडे काका मान खाली घालून उभे होते.

बाहेर येताच बाई म्हणाल्या, "बोल."

"बायको फार घाबरली होती गं."

"बायकोला मध्ये घालू नकोस."

"आपल्या गेटापर्यंत आलो होतो. मीच गाडी वळवली."

"माझ्या हातात काय खोट दिसली तुला? एवढी वर्षं मुलाच्या डोक्याशी उभा राहतोस. काय दिसलं ते तरी सांग."

"काही नाही. शप्पथ, काही नाही. आकडेही खरेच आहेत, आपण दोघांनीच काढलेत. पण आकडे सगळ्या मुलांचे असतात. मला ही एकच आहे."

"आणि बाकावर बसायचे त्यांना किती पोरं होती रे?"

बाई जिना उतरून निघून गेल्या.

मुख्य सर्जनांनी आकडे धुडकावले असते, तर बाई पदर खोचून भांडल्या असत्या. भांडण त्यांना येत होतं. पण केसानं गळा कापणाऱ्याशी कसं भांडतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. घरी त्या भाजी चिरता चिरता थांबायच्या आणि आपल्याच बोटांकडे टक लावून बघायच्या. थरथरतायत का? काकांना दिसलं आणि मला दिसलं नाही, असं काही आहे का? इतकी वर्षं ज्या वाक्याच्या जोरावर त्या ताठ मानेनं हात धुऊन आत जात होत्या, ते वाक्य म्हणजे पोरांना मारलेल्या थापांसारखीच एक थाप होती. फक्त ती मोठ्यांसाठी होती, आणि तिला सगळ्यांत जास्त भुललेल्या बाई स्वतःच होत्या. याचाच त्यांना सगळ्यांत जास्त संताप यायचा.

काका कामावर आले. दोघं कामापुरतं बोलत. भूल चढली का, चढली, करू का सुरू, कर.

आणि मग एका सकाळी एक बस चालवणारी बाई गणवेशातच मुलाला उचलून घेऊन आली. मुलगा आठ वर्षांचा, तापानं फणफणलेला, पोटाला बोट लावू देईना. बाईंनी तपासलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. शहराचा रस्ता लांबचा, त्यात जागोजाग खणून ठेवलेला.

"काढावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि नेहमीप्रमाणे दाराकडे वळल्या.

"मोठ्या हॉस्पिटलात नेऊ का?" आईनं विचारलं. "मीच नेते गाडी चालवून."

बाई थांबल्या. आज तरी काकांची जीभ अडखळेल, असं त्यांना वाटलं. अडखळावी, असंही वाटलं. काका तिच्याजवळ बसले आणि त्याच आवाजात, त्याच मायेनं म्हणाले, "माझं पोर असतं ना ताई, तरी याच टेबलावर ठेवलं असतं."

"तुम्ही गोड बोलता हो," आई म्हणाली. "गोड बोलणारे खूप बघितले मी. बाई, तुम्ही सांगा. खरं बोलतायत का हे?"

नाही म्हटलं असतं, तर ती मुलाला घेऊन सरळ निघाली असती, आणि अपेंडिक्स वाटेतच फुटलं असतं. हे कारण खरं होतं. पण आणखी एक होतं, आणि तेही बाईंच्या मनात त्याच क्षणी येऊन गेलं. आज हा मुलगा तिकडे गेला की उद्या दुसरा जाईल, आणि झगडून मिळवलेलं सगळं मातीत जाईल.

"हो," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन उत्तम झालं. अपेंडिक्स काळं पडलं होतं, पण फुटलं नव्हतं. हातमोजे काढताना काका हळूच म्हणाले, "बरं झालं, सांभाळून घेतलंस." बाई वळूनही न बघता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा उठून बसला होता आणि भूक भूक करत होता. आईनं बाईंचे दोन्ही हात धरले. "तुमच्या एका शब्दावर ठेवलं मी याला."

बाईंना ते सोसवेना. "काल मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. त्यांना आडवळणानं सांगता येत नव्हतं, आताही आलं नाही. "त्यांच्या मुलीचं अपेंडिक्स त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात काढून घेतलं. मला माहीत होतं. पण याला तिकडे न्यायला वेळच नव्हता. इथं केलं तेच बरोबर होतं."

आईनं हात सोडले. थोडा वेळ ती मुलाच्या केसांवरून बोटं फिरवत राहिली.

"मग तसं सांगायचं होतं ना. वेळ नाही, रस्त्यात फुटेल. मी रोज बसभर माणसं घेऊन जाते, वेळ नाही म्हणजे काय ते मला कळतं. पोरगा बरा आहे, दिसतंय मला. पण त्यांना नव्हतं हो विचारलं मी. मुद्दाम तुम्हाला विचारलं होतं."

बाईंनी पांघरुणाकडे हात नेला. "टाके बघते."

आईनं पांघरूण घट्ट धरलं.

"दुसरं कुणी नाही का?" तिनं विचारलं.