न लागलेला धक्का

आमचे हे, वीरप्पा, परंड्याहून सोनारीला मोटार चालवायचे. निजामाच्या राज्यात मोटार चालवणारा म्हणजे साऱ्या गावाचा जावईच. हात सफाईदार, पण देवभोळे एवढे की वळणावर काळभैरवाच्या देवळाचं शिखर दिसलं की मोटार थांबवून दोन्ही हात जोडायचे. मागं कोण आहे ते देवानं बघायचं.

एका रविवारी त्यांनी बलभीम नावाच्या शेतकऱ्याच्या बैलगाडीला मागं टाकलं आणि वळणावर नेहमीसारखा ब्रेक दाबला. पुढ्यात मोटार बघून बैल बुजले, गाडी कडेच्या चारीत उलटली आणि बलभीमचा पाय मोडला. मोटारीचा धक्का कुणालाच लागला नव्हता. तरी ह्यांच्यावर खटला झाला. कसूर ठरला तर कैद, आणि परवानाही जाणार.

"मोटार लागलीच न्हाय, मग कसूर कसला?" हे कोर्टात छाती काढून म्हणाले. वकिलानं तेवढंच पढवलं होतं.

मुन्सिफसाहेबांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही तिथं थांबला नसता, तर बैल बुजले असते का?"

ह्यांची छाती खाली बसली. आता संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात बाजेवर घालून आणलेला बलभीम बोलला, "सायेब, शिखर दिसल्यावर म्या बी हात जोडले व्हते. कासरा हातात असता तर बैल आवरले असते."

त्याचे जोडलेले हात कुणीच पाहिले नव्हते. तो गप्प बसला असता तरी त्याला कोण विचारणार होतं?

धक्का न लावताही दोष लागतो, पण इथं तो एकट्याचा नाही, असं मुन्सिफसाहेब म्हणाले. कैद टळली, परवाना राहिला. बलभीम चालू लागेपर्यंत त्याचं शेत ह्यांनी बघायचं, असं दोघांच्या संमतीनं ठरलं.

बाहेर मी बलभीमच्या पाया पडले. "भाऊ, तुम्ही माझं घर राखलंत."

"त्ये ऱ्हाऊ द्या. तुमच्या मालकांस्नी पेरता येतंय का? पेरणी तोंडावर आलीया."

कुठलं येतंय! हे कसेबसे बैल हाकायचे, बी सोडायला चाड्यावर मूठ मी धरली. बलभीमच्या रानात ज्वारी उगवली तेव्हा मी बांधावर बसून पोटभर रडले. माहेरी आमच्या स्वतःच्या रानातलं पीक बघून मला कधी एवढा आनंद झाला नव्हता.