ओळीतला चौथा खांब

मी अमिरातीतल्या खोर फक्कानच्या किनाऱ्यालगत पाण्यात उभा असलेला एक पोलादी खांब आहे. चौघांच्या ओळीतला शेवटचा. १९९७ साली आम्हाला समुद्रतळात ठोकलं. वर छोटा धक्का व्हायचा होता, पण आमची डोकी अजून एकमेकांना जोडलेली नव्हती. त्या मोकळ्या दिवसांत माझ्याविषयी एक समजूत रुजली. ती कशी रुजली, हे तिचा विषय होऊन मी अनुभवलं आहे.

भरतीचं पाणी आमच्या ओळीच्या रेषेतच येई. पहिला खांब ते फाडी. त्याच्या पाठीमागे डावी-उजवीकडून आळीपाळीनं भोवरे सुटत आणि मागच्यांना ढुसण्या देत. त्यांची लय माझ्या अंगच्या लयीशी जुळली की मी थरथरू लागे. पहिला मात्र जवळजवळ निश्चल असे.

इथलं पाणी उथळ. कामगारांची बार्ज, म्हणजे सपाट तळाची बोट, भरतीलाच येई आणि ओहोटीआधी परते. त्यामुळे त्यांनी आम्हाला कायम एकाच प्रवाहात पाहिलं होतं.

देवगडकडचा महादू वेल्डर होता. माझ्यावर तळवा ठेवून तो म्हणाला, "हो खांब साधो नाय. हयचो राखणदार जागेवालो रागावलोहा."

दाभोळचा अजीज दोरखंड-साखळ्यांचं काम बघे. तो हसला. "महादूभाऊ, पोलादाला कसला जागेवाला? आमच्या खाडीत जाळ्याचे खुंटे ओळीत ठोकतात, तिथंही मागचाच हलतो. पुढचा पाणी फाडतो, मागच्याला झोंबतं. आधी चौघांना एकत्र बांधा."

"तुझे खुंटे लाकडाचे रे. मासे पकडूक बरे."

इंजिनियर रोशननं घड्याळ पाहिलं. "बांधण्यात दोन दिवस जातील. यल्ला, चला, पहिल्यापासून वेल्डिंग सुरू करा. तो स्टेडी आहे."

महादूलाही ते पटलं, पण वेगळ्या कारणानं. त्यानं नारळ ठेवून माझ्यासमोर गाऱ्हाणं घातलं: "बा जागेवाल्या, लेकरांची चूक पदरात घे, नि कामात येश दी." बार्जवरच्या कोकणातल्या माणसांनी "व्हय महाराजा" म्हटलं. अजीज बाजूला साखळ्या तपासत होता. मग महादूनं बजावलं, "आज हेका हात लावचो नाय," आणि पहिल्या खांबालगत क्रेनला टांगलेल्या पाळण्यात तो उतरला.

सांध्याचं काम लांबलं, बार्ज परतायची वेळ झाली. अजीजनं दोनदा पाण्याकडे बोट दाखवलं.

"अर्धा तास, भाई. खलास करूनच जाऊ," रोशन म्हणाला.

तेवढ्यात पाणी फिरलं.

त्यांच्या देखत मी प्रथमच स्तब्ध झालो. आता पाणी मी फाडत होतो, आणि माझ्या पाठीचे भोवरे पहिल्याकडे निघाले होते. मला ते अडवता येत नव्हते. ओहोटीला जोर चढला तसा पहिला थरथरू लागला, मग डोलू लागला. पाळणा त्याच्यावर आदळला. तोल सावरायला महादूनं उजवा हात पुढे केला, आणि तो पाळण्याची कड आणि खांब यांच्यामध्ये सापडला.

अजीजनं क्रेनवाल्याला इशारा करून पाळणा वर घेतला. महादू वाचला. त्या हातानं वेल्डिंग करणं मात्र कायमचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी रोशननं आडवे पाइप मागवले. अजीजनं आम्हा चौघांना एकमेकांशी बांधून टाकलं. माझी थरथर निमाली.

गावी परतण्याआधी महादू बार्जवरून आला. उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. त्यानं डावा तळवा माझ्यावर टेकवला आणि हळूच गाऱ्हाणं घातलं, "बा जागेवाल्या, ह्या खांबाचो काय गुन्हो नव्हतो. बोल मिया लावलंय."

प्रतिसाद देणारं गावचं माणूस त्या वेळी जवळ नव्हतं. मग हातातली साखळी खाली ठेवून अजीज म्हणाला, "व्हय महाराजा."

आज डोक्यावर काँक्रीटचा धक्का आहे, अंगावर शिंपल्यांचे थर. मी हलत नाही. आपल्याला एवढीच विनंती: ओळीतला एखादा थरथरताना दिसला, तर त्याच्या पुढे कोण उभं आहे ते आधी पाहा. आणि पाणी फिरेपर्यंत थांबा.