अकरा शून्यं

रंगाऱ्याच्या घरात मोबाइल एकच होता. आठ वाजले की रंगारी तो खिशात घालून कामावर निघे, कारण आज कुठल्या इमारतीवर जायचं हे मुकादम त्यावरच व्हॉट्सॲपने कळवायचा. संध्याकाळी बाप आला की मोबाइल दादाच्या हाती जाई. दादाचं कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचं वर्ष. त्याचा अभ्यास आटोपेपर्यंत जेवणं होत, अंथरुणं पडत. धाकटीची पाळी काही येत नसे. नववीतली ही मुलगी सतत घरभर भिरभिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत.

आई मशीनवर शर्टांच्या कॉलरी शिवायची. तिच्या शेजारी कापडाच्या गठ्ठ्याला टेकून भिंगरी विज्ञानाचा गृहपाठ करी. वहीत करी. आणि शाळेत वही चालत नव्हती. विज्ञानाच्या बाईंनी तीन वर्षांपूर्वी स्वतः पुढाकार घेऊन गृहपाठ ॲपवर पाठवायची पद्धत सुरू केली होती. वह्यांचे ढीग तपासून त्यांची मान धरायची हे खरं. पण मुलांनी काळाबरोबर चालावं असंही त्यांना मनापासून वाटे. ज्याचा गृहपाठ वेळेत आला नाही, त्याच्या नावापुढे ॲप आपोआप शून्य टाकी.

भिंगरी पहिल्यांदा वही घेऊन गेली तेव्हा बाईंनी ती न उघडताच परत केली आणि कोणाचा तरी मोबाइल मागून बघ, म्हणाल्या. मैत्रिणीच्या आईने दोनदा दिला. तिसऱ्यांदा तिने दारातच विचारलं, तुझ्या घरी कोणी नाही का? त्यानंतर भिंगरी तिकडे फिरकली नाही. शाळेत संगणकांची खोली होती. पंधरा संगणक, प्रत्येकावर पांढरं कापड. मुलं खराब करतील म्हणून किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. तपासणीला साहेब आले की तेवढी कापडं निघत.

अकरा शून्यं साचली, तेव्हा एका सकाळी घरचे उठायच्या आत भिंगरीने मोबाइल घेतला. पानापानाचे फोटो काढून ती पाठवत राहिली. मुदत उलटून गेलेली, ॲपने एकही घेतला नाही. दिवसाचं नेट मात्र संपलं. मुकादमाने कामाची जागा बदलल्याचा निरोप बापाला मिळालाच नाही. तो कालच्याच इमारतीखाली दुपारपर्यंत बसून राहिला आणि तिकडे त्याच्या जागी दुसरा रंगारी लागला.

घरी येऊन त्याने हात उगारला नाही की आवाज चढवला नाही.

त्याच आठवड्यात पालकसभा होती. बाईंनी शून्यांची यादी वाचली. भिंगरीचं नाव आलं तसा बाप उभा राहिला. त्याच्या नखांतला रंग धुऊनही निघाला नव्हता.

"आजच्या काळात घरात मुलांसाठी साधं नेट नाही?" बाईंनी विचारलं. "मग मुलीने शिकायचं कसं?"

त्यांच्या स्वरात खोच नव्हती. पण मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

"बरोबर आहे, बाई," बाप खाली बघत म्हणाला. "नाही शिकायचं."

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी आईशेजारी काजं करायला बसली.

पंधरा दिवस झाले तरी मुलगी येईना, म्हणून बाई घरी गेल्या. आईने वही पुढे केली. बाई दारातच वाचू लागल्या. अकराही गृहपाठ त्यात होते, आकृत्यांसकट. प्रतिध्वनीच्या गृहपाठाखाली भिंगरीने लिहिलं होतं: "बाबा सांगतात, रिकाम्या खोलीत रंग देताना आवाज घुमतो. सामान आलं की का घुमत नाही? बाईंना विचारायचं."

"ही तुम्ही तेव्हाच उघडली असती तर?" आई म्हणाली.

चूक माझी झाली, एवढं त्या भिंगरीकडे बघून म्हणाल्या. भिंगरीने वर पाहिलं नाही. बापाने दादाची परीक्षा होऊ दे, मग बघू, असं सांगून विषय संपवला.

बाई तिथून तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि किल्ली मागितली. काही मोडलं तर जबाबदार कोण, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "मी. आणि ही खोली बंद आहे तोवर मी एकाही मुलाचे गुण भरणार नाही." निकाल अडेल, लेखी उत्तर द्यावं लागेल, असं मुख्याध्यापकांनी बजावलं. बाईंनी तिथेच कागद मागून लिहून दिलं. आठ दिवस ताणाताणी झाली. अखेर शाळा सुटल्यावर रोज एक तास खोली उघडायचं ठरलं. ज्यांना हवं त्यांनी वही द्यावी, हेही बाईंनी वर्गात सांगून टाकलं.

पहिल्या दिवशी एकोणीस मुलं आली. भिंगरी नव्हती. बाप पाठवायला तयार नव्हता. चारचौघांत पुन्हा मान खाली घालायला लागेल, म्हणत होता. दुसऱ्या दिवशी आईने मशीन थांबवलं.

"मोबाइल कोणाला द्यायचा हे मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "पोरगा शिकतोय म्हटलं की गप्प बसले. पोरगीही शिकतेय, हे मला दिसत होतं. ऊठ गं, दप्तर घे."

दादा मान खाली घालून बसला. बाप दारात उभा होता. भिंगरी दप्तर घेऊन आली तसा तो बाजूला झाला.

संगणक सुरू कसा करायचा हे भिंगरीला ठाऊक नव्हतं. पाचवीतल्या एका मुलीने दाखवलं. एके काळी जागेवर न ठरणारी ही पोर खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसली होती आणि प्रत्येक बटण दाबण्याआधी विचारत होती, दाबू का?

बाईंना ते बघवेना. त्या उठून कार्यालयात गेल्या आणि मागच्या तीन वर्षांचे निकाल काढून बसल्या. सगळी शून्यं मिळालेली आणि नंतर शाळेत न आलेली सात नावं निघाली. पहिल्या नावापुढे "शाळा सोडली" एवढंच होतं, कारणाचा रकाना कोरा. बाईंनी पत्ते उतरवून घेतले आणि त्याच संध्याकाळी यादीतल्या त्या पहिल्या मुलीच्या घरी गेल्या.

तिथे आता दुसरंच कुटुंब राहत होतं. आधीचे लोक कुठे गेले हे कोणाला सांगता आलं नाही. बाईंनी यादीतलं दुसरं नाव पाहिलं आणि रस्ता विचारत पुढे निघाल्या.