रेषेच्या वरचं टिंब

मी एक जुनी सागवानी पट्टी आहे. त्या सकाळी नागपूरच्या मनीषनगरातल्या टेबलावर, माझ्यासमोरच्या आलेख-कागदावर एकशे एक्केचाळीस टिंबं होती. त्यांत दोन शिखरं होती आणि माझ्या कडेने ओढलेली एक रेष. माझ्या अंगावर तीस सेंटिमीटरच्या खुणा. त्यांतले सव्वीस आकडे वाचता येतात. मित्रांनो, एवढ्यावर एका हातमागाचं भवितव्य ठरणार होतं.

माझी उमेदीची वर्षं उमरेडला गेली. मारोतराव विणकर चौकटीच्या कागदावर करवतकाठी साडीच्या काठावरचे दात आखत, ते माझ्याच कडेने. "पट्टी सरळ तर काठ सरळ," असं ते म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे. पुढे माग बंद पडला आणि घर नागपूरला आलं. त्यांच्या पत्नी तुळजाबाईंनी मला खिडकीतल्या कूलरखाली खोचलं. दोन उन्हाळे माझी एक कड ओली राहिली, दुसरी तापत राहिली. मधोमध माझी कड बाहेर फुगली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांचा नातू भूपेश भौतिकशास्त्राचा पदवीधर. त्याने मला बाहेर काढून पुसलं. एका आभासी नाण्याचा भाव तो रोज कागदावर मांडू लागला. त्या बाजाराचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपतो. तेव्हाचा भाव म्हणजे एक टिंब. मोबाइलवर आलेख तयार मिळतो, पण हाताने मांडलं की घाई होत नाही, असं तो म्हणे. दोनदा भाव चढून परतला होता. ती दोन शिखरं जोडून रेष पुढे वाढवायची. वाढत्या उलाढालीसह भाव तिच्या वर बंद झाला, तर तो ब्रेकआउट. पुढे आणखी चढण्याची शक्यता.

तसं झालं तर उमरेडचा माग विकून ती नाणी घ्यायची होती. मारोतराव अजून महिन्यातून एकदा एसटीने जाऊन तो माग पुसून येत. त्यांनी शब्द दिला होता: भाव रेषेच्या वर गेला तर माग विकायचा, नाही गेला तर पुन्हा मागाचं नाव काढायचं नाही.

"काय गा भूपेश, गेला का तुहा भाव वर?" मारोतरावांनी विचारलं.

"गेला, आबाजी. दोन मिलिमीटर वर बंद झाला. उलाढालही दुप्पट आहे." भूपेशने फोन उचलला. माग विकत घेणारा लाकूडवाला दहा वाजता उमरेडला पोहोचणार होता.

मारोतरावांनी कागद जवळ ओढला. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"रेष ह्या पट्टीनं मारली? हे तर तुह्या आजीनं कूलरखाली खुपसली होती."

"मंग काय करू? कूलर खडखड करून राहिला होता," तुळजाबाई आतून म्हणाल्या. "तुमचं बोलणं ऐकू येत नव्हतं."

"तेवढंच सुख होतं वं तुले!"

मला ओरडून सांगायचं होतं. पण पट्टीला तोंड नसतं, नुसती कड असते.

मारोतरावांनी सुताचं रीळ मागितलं. "पहिल्या शिखरावर धर गा. माणूस वाकते, लाकूड वाकते. ताणलेला धागा नाही वाकत."

धागा दुसऱ्या शिखरावरून पुढे ताणला गेला. माझी रेष शेवटाकडे त्याच्यापासून खाली उतरत गेली होती. भूपेशचे कान लाल झाले. त्याने फोन लावला. "काका, आज येऊ नका. नाही, उद्याही नाही."

मारोतरावांनी मात्र धागा सैल सोडला नाही.

मित्रांनो, पट्टीला ओलीत ठेवू नका, उन्हात टाकू नका. आणि जिच्या भरवशावर काही मोडायला निघालात, तिला आधी धागा लावून पाहा. मी खोटं बोलले नव्हते. मी वाकले होते, एवढंच.

मोजायला पुन्हा मीच लागले. माझ्या मिलिमीटरच्या खुणा शाबूत आहेत. भूपेशने मला धागा आणि टिंब यांच्याजवळ उभं धरलं आणि वहीत लिहिलं: दिवस एकशे एक्केचाळीस. टिंब धाग्याच्या खाली, एक मिलिमीटर.