खिडकीच्या गजांची जाळी

मित्रांनो, पहिल्यांदा पाहाल तर तुम्ही मला खिडकीचा मोडका तुकडा समजाल, आणि तुमचं फारसं चुकणारही नाही. आज मी कडांनी काळी पडलेली, मटण भाजायची एक जुनी जाळी आहे. पण माझे गज मुळात मदुराईतल्या एका खिडकीचे. त्या खिडकीमागे विट्याजवळच्या एका गावातले आकाराम सोनं गाळत बसायचे.

विट्याकडची कितीतरी माणसं अशी दूरदूरच्या शहरांत गलाईची दुकानं चालवतात. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि ते शुद्ध करून सराफाला परत द्यायचं, हे त्यांचं काम. आकाराम मिसरूड फुटायच्या वयात तिकडे गेले. उन्हाळ्यात गावच्या यात्रेला यायचं आणि पावसाच्या आत परत जायचं, अशी त्यांची वर्षं सरत गेली.

दुकानाची जागा बदलली तेव्हा घरमालकाने जुनी खिडकी उचकटून टाकली. आकारामांनी ती चादरीत गुंडाळली आणि रेल्वेने थेट घरी आणली. विट्याच्या वेल्डरला हसू आवरेना.

"आवं, एवढ्या लांबनं खिडकी आणलीसा? हितं लोखंड मिळत न्हाई व्हय?"

"मिळतंय की. पन गावाची आठवण आली की मी हिच्यातनंच भाईर बघायचो," आकाराम म्हणाले.

वेल्डरने खिडकी कापायला घेतली. त्याने माझे गज जवळजवळ बसवले, चार पाय जोडले आणि धरायला दोन्ही बाजूंना कड्या लावल्या. असा माझा दुसरा जन्म झाला.

जाळी हवी होती खिम्याच्या गोळ्यांसाठी. मदुराईत शेजारच्या घरी ते करायचे. बारीक वाटलेल्या खिम्यात कांदा, आलं-लसूण, बडीशेप आणि डाळव्याचं पीठ घालून लिंबाएवढे गोळे वळायचे आणि तेलात तळायचे. आकारामांना ते फार आवडले. पण घरी त्यांच्या पत्नीने, हौसाबाईंनी, ऐकताक्षणी मान हलवली.

"एवढं त्याल? उन्हाळ्याचं? आन् आत्तींच्या सैपाकघरात?"

आत्ती म्हणजे हौसाबाईंच्या सासूबाई. त्या माळकरी होत्या आणि मटणाचं भांडं उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. म्हणून मग परसात विटांच्या दोन ओळी मांडल्या गेल्या, त्यावर मी, आणि तळायच्याऐवजी गोळे भाजायचे ठरले. पुढे आत्ती गेल्या, तरी गोळे परसातच राहिले.

ते उन्हाळे आठवले की अजूनही माझे गज सैल पडल्यासारखे वाटतात. ऊन कललं की आकारामांचे बालमित्र धोंडीबा आपल्या बागेतल्या द्राक्षाच्या वाळलेल्या काड्यांचा भारा घेऊन यायचे. खाली बाभळीची लाकडं, वर या काड्या. जाळ सरला की लालबुंद निखारे उरायचे. आकाराम त्यांवर लगेच काही ठेवत नसत. सोन्याच्या भट्टीपुढे त्यांचा जन्म गेला होता. आगीचा रंग त्यांना वाचता यायचा. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा पापुद्रा धरेपर्यंत ते गुडघ्यांना मिठी मारून बसून राहायचे.

"आकाराम, मी मेल्यावर वाढनार हाईस का रं?" धोंडीबा विचारायचे.

"गप गड्या. आता ठिवलं तर भाईरनं कोळसा हुईल आन् आत बकरं वरडंल."

मुलं खिदळायची. थोरली प्रियदर्शनी आणि धाकटा ऋषिराज ताटल्या घेऊन सगळ्यांत पुढे असत. हौसाबाई पलीकडे पालथ्या घमेल्यावर बसायच्या, पदराने वारा घेत. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून चर्र आवाज आला की आळीतली कुत्री कुंपणापाशी जमायची. मग भावकीतल्या घरोघरी वाट्या जायच्या आणि रिकाम्या परत येताना निरोप आणायच्या, की आकारामच्या हाताला चव आहे. आकाराम मान खाली घालून मला घासायला घ्यायचे.

मुलं मोठी झाली. ऋषिराज वडिलांबरोबर मदुराईच्या दुकानात बसू लागला. प्रियदर्शनी लग्न होऊन सांगलीला गेली. उन्हाळ्यात पुढे बसायला आता नातवंडं आली. गोळे त्याच चवीचे होते.

मागच्या हिवाळ्यात आकाराम मदुराईहून आले. या वेळी त्यांना आणावं लागलं, चादरीत गुंडाळून.

त्यानंतर हौसाबाई परसात येईनाशा झाल्या. धुणं त्या पुढच्या अंगणात वाळत घालू लागल्या. मी पाण्याच्या टाकीमागे पडून होते. कडाक्याची थंडी गेली, शिमगा गेला, आणि माझ्या अंगावर गंज चढला. माझी त्याबद्दल तक्रार नाही. घरातल्या माणसांचंच ज्यांना भान नव्हतं, त्यांनी जाळीकडे कुठे बघायचं?

उन्हाळा लागला. ऋषिराज मुलांना घेऊन आला, प्रियदर्शनी आली. घरात दुःख झालेलं असल्यामुळे यंदा यात्रेचं जेवण नव्हतं. हौसाबाईंनी नातवंडांकडून अडगळ काढून घेऊन परसाच्या दाराशी ढीग लावला होता. त्यात जुनी सायकल होती, गळकी कळशी होती आणि मी होते. सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता.

प्रियदर्शनीने मला ढिगात पाहिलं.

"आई, जाळीपण?"

"ती पन. कोन भाजनार हाय आता तिच्यावर?"

"आम्ही भाजू."

"तुमाला येतंय व्हय?"

प्रियदर्शनीने माझ्यावरचा गंज नखाने खरवडला. इतके उन्हाळे ती ताटली घेऊन पुढे बसली होती, पण तिने कधी हातात चिमटा घेतला नव्हता.

"आज करून बघतो," ती अखेर म्हणाली. "नाही जमलं तर सकाळी मीच टेम्पोत टाकते तिला."

"यंदा यात्रा न्हाई घरात. ध्येनात हाय न्हवं?"

"यात्रा नाही, आई. नुसतं जेवण."

हौसाबाई आत निघून गेल्या. प्रियदर्शनीने विटेचा तुकडा घेतला आणि मला घासायला बसली. मधेच तिचे हात थांबले. थोड्या वेळाने ते पुन्हा चालू झाले. जगायची इच्छा आम्हा वस्तूंनाही असते, मित्रांनो. त्या दुपारी माझं सगळं त्या गोळ्यांवर येऊन ठेपलं होतं.

संध्याकाळी धोंडीबा न बोलावता काड्यांचा भारा घेऊन आले आणि भिंतीशी टेकून बसले. प्रियदर्शनीने खिमा आठवून आठवून कालवला होता, आणि तो बरा जमला होता. चुकलं ते आगीचं. ऋषिराज गलाईतल्या नव्या पद्धतीत वाढलेला. त्याच्या भट्टीत जितकी धग तितकं काम लवकर. त्याने घरातून एक छोटा ब्लोअर आणला आणि वायर ओढून निखाऱ्यांवर सोडला. निखारे केशरी झाले, मग पिवळे. माझे गज ताणले गेले. गोळे ठेवल्या ठेवल्या चिकटले आणि बघता बघता काळे पडले.

"ऋषी," धोंडीबा म्हणाले, "तुजा बा हितं गोळं भाजायचा रं. सोन्याचं बिलवर न्हाई वितळवायचा."

प्रियदर्शनीने एक गोळा फोडला. वर कोळसा, आत गुलाबी कच्चा खिमा. ऋषिराजच्या धाकटीने तो निरखून पाहिला.

"आत्या, हे आजोबांसारखे नाहीत."

ऋषिराजने ब्लोअर बंद केला. "ऱ्हाऊ दे ताई," तो म्हणाला. "जाऊ दे ती सकाळी."

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

"भट्टी मदुराईला ठिवून यायची का न्हाई रं?"

हौसाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. केव्हापासून, कुणाला माहीत. त्यांनी पदर खोचला, पायरी उतरल्या आणि हिवाळ्यानंतर पहिल्यांदा परसात पाऊल टाकलं. मुलाच्या हातातला चिमटा घेतला. निखारे दोन्ही बाजूंना पसरले. मला उचलून कापडाने पुसलं, कांद्याची फोड तेलात बुडवून माझ्या एकेका गजावरून फिरवली.

"आता बसा गप. राख धरू द्या."

सगळे बसले. नातवंडंसुद्धा. निखारे हळूहळू पांढरे झाले तेव्हा त्यांनी उरलेले गोळे माझ्यावर मांडले. ऋषिराजचा हात पुढे आला.

"न्हाई. थांब."

तो थांबला.

"आता परत."

गोळे एकही न फाटता परतले गेले. खालची बाजू तांबूस खरपूस झाली होती.

"आई, तुला कसं कळतं गं हे?" प्रियदर्शनीने विचारलं.

"मला कुटं काय कळत हुतं. कळायचं तुज्या वडलांना." हौसाबाई निखाऱ्यांकडेच बघत होत्या. "तरी दर बारीला मला इचारायचे, हौसा, परतू का? मी म्हनायची, भट्टीवर जलम गेला तुमचा, मला काय इचारताय? तरी इचारायचेच. मग मी बी बघाय लागले. बघून बघून आलं."

मित्रांनो, हे खरं आहे. मी त्या दोघांच्या मधेच असायची. आकारामांना रंग आधीच कळलेला असायचा, चिमटाही हातात तयार असायचा. पण वर्षातले कितीतरी महिने ज्याला बायकोला काही विचारायला मिळत नाही, तो माणूस त्या एका प्रश्नासाठी थांबायचा. आणि पलीकडून "परता की" असं उत्तर आलं, की मगच गोळा उलटायचा.

हौसाबाईंनी पहिला गोळा फोडला. अर्धा प्रियदर्शनीच्या हातावर ठेवला, अर्धा स्वतः उभ्या उभ्या खाल्ला.

"मीठ कमी घातलंस," त्या म्हणाल्या. मग पाठमोऱ्या होऊन उरलेले गोळे ताटल्यांत काढू लागल्या.

सकाळी टेम्पो आला. सायकल गेली, कळशी गेली. भंगारवाल्याने भिंतीशी टेकवलेल्या माझ्याकडे बोट केलं.

"मावशी, ती जाळी?"

"ती कामातली हाय," हौसाबाई म्हणाल्या.

आता मी स्वयंपाकघरामागच्या पडवीत, खिळ्यावर असते. मुलं आपापल्या गावी गेली आहेत. प्रियदर्शनी रविवारी फोन करते आणि आईला मिठाचं, पिठाचं, धगीचं काही ना काही विचारते. कधी तेच तेच विचारते. हौसाबाई वैतागल्यासारखं करतात आणि सगळं पहिल्यापासून सांगतात.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. आमच्यासारख्या लोखंडाच्या वस्तू वापरून झाल्या की पाण्यात टाकून जाऊ नका. कोमट असतानाच पुसा, तेलाचा हात फिरवा. गार झाल्यावर तेल मुरत नाही. आणि तुमच्या घरात जे कोणी आगीपाशी बसत असेल, त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याला काहीतरी विचारा. उत्तर तुम्हाला ठाऊक असलं, तरीही विचारा.