छपरावर अडकलेली शिडी

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो. माझ्या तळव्यावर उलट्या अक्षरांत कोरलंय, ‘नियमात बसत नाही’. मुलांच्या मासिकाच्या कचेरीत, संपादकसाहेबांच्या टेबलावर मी राहतो. नवा होतो तेव्हा काय रुबाब होता माझा! “ठसा बघा, ठसा! हा नसता तर लेखक डोक्यावर बसले असते,” असं साहेब आल्यागेल्याला सांगायचे.

साहेबांचे नियम भिंतीवर टांगलेत. नायक पहिल्याच ओळीत हवा. तो माणूस हवा, नाहीतर प्राणी. शेवटी बोध हवाच. नाही बसलं की धप्प! साहेबांच्या हाताला इतकी सवय लागली, की एकदा मी त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नपत्रिकेवर उमटलो. मेव्हणा अजून बोलत नाही. आणि एका गोष्टीवर तीन ठसे पडले, की तो लेखक कायमचा बाद.

परवा एक रंगारी आला. घरं रंगवतो बिचारा. त्याच्या गोष्टीवर दोन ठसे आधीच होते, म्हणून या खेपेला स्वतःच घेऊन आला. गोष्ट होती उंचीला भिणाऱ्या शिडीची. टायपिस्टताई मोठ्यानं वाचायला लागल्या. पोरांचा चेंडू काढायला शिडी स्वतःच स्वतःवरून चढून छपरावर गेली, खाली बघितलं आणि गोठली! ताईंच्या नाकातून चहा आला.

“शिडी कुठे नायक असते?” साहेब गुरकावले. “ना माणूस, ना प्राणी!”

“पाय आहेत की तिला, साहेब,” रंगारी म्हणाला.

“आणि बोध?”

“दोनच पानं राहिलीत, वाचा ना. लेक रोज विचारते हो, छापून कधी येणार.”

साहेबांनी मला उचललं. मी जीव खाऊन शाई आत ओढून धरली. एकदा दाबलं, कोरा. पुन्हा दाबलं, कोरा! मग साहेबांनी माझ्यावर कांद्याच्या वासाचा ‘हाऽऽ’ केला आणि धप्प.

रंगाऱ्यानं कागद गुंडाळले. ताई जिन्यापर्यंत धावल्या, “अहो, पुढे काय झालं ते तरी सांगा!”

“बाद माणसाचं काय ऐकता, ताई,” म्हणत तो उतरून गेला.

मित्रांनो, नियमांशी माझं वैर नाही. गोष्ट जमेना झाली तर ते हात धरून वाट दाखवतात. पण आधी शेवटपर्यंत वाचा, मग मला उचला. आणि तो रंगारी कुठे दिसला, तर त्याच्या पाया पडा, पण थांबवा त्याला. शिडी अजून वरच आहे हो! कुणीतरी तिला खाली उतरवा!