टीचरांच्या पडद्यावरची कबुतरं

आमच्या घरात कॉम्प्युटर आला त्या आठवड्यात मी टीचरांना पुन्हा एकदा सांगितलं, घराच्या कागदावर माझं नाव घाला. ते म्हणाले, "थांब, आधी हे अक्षर मोठं करून बघतो."

टीचर म्हणजे माझा नवरा, क्वाबेना ट्वेनेबोआ, निवृत्त शाळा तपासनीस. कुमासीतल्या आमच्या ओल्ड टाफो वस्तीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, मग मीच कशाला मारू. माझी अंगणात पावाची भट्टी आहे. या घराच्या भिंती माझ्या पावातून उभ्या राहिल्या, छप्पर त्यांच्या पगारातून आलं आणि कागद झाला एकट्या त्यांच्या नावावर. ते कागद करायला गेले त्या दिवशी माझ्या भट्टीत पाव होते, म्हणून मी सोबत गेले नव्हते.

आमच्यात माणूस आपल्या आईच्या घराण्याचा असतो. बायको त्याची असते, पण तो बायकोचा नसतो. तो मेला की घराणं दारात येतं आणि बहिणीचा मुलगा किल्ली मागतो. बायकोलाही वाटा मिळतो, तसा कायदा आहे, हे मीसुद्धा रेडिओवर ऐकते. पण कायदा राहतो राजधानीत, अक्राला, आणि भाचा राहतो त्यांच्या गावी, एफिदुआसेला, आणि एफिदुआसेहून गाडी लवकर येते.

"माझी माणसं तशी नाहीत, अज्वोआ," टीचर म्हणायचे. हे मी इतकी वर्षं ऐकलं की पालथ्या घड्यावर पाणी कसं ओततात ते मला पाठ झालं.

कॉम्प्युटर आमच्या लेकीने, आफ्रियेने, टेमाहून पाठवला. जुनाच होता. इथल्या अदुम बाजारातलं एक छपाईचं दुकान बंद पडलं, तिथला. सोबत तिने एक पातळ पुस्तक दिलं होतं, घरच्या कॉम्प्युटरचा पुरेपूर उपयोग कसा करावा याच्या सोप्या युक्त्यांचं. टीचरांनी त्याचा अभ्यासक्रम करून टाकला. सकाळी आंघोळ करून, शर्ट खोचून ते यंत्रासमोर बसायचे आणि एकेक युक्ती झाली की लाल पेनाने बरोबरची खूण करायचे. अक्षरं मोठी केली. इतकी मोठी की एका वेळी पडद्यावर दोनच शब्द मावायचे. बाण मोठा केला. यंत्र सुरू झालं की न बोलावता सुरू होणारी कामं बंद केली. माझा फोन मात्र चार्जिंगला शेजारी जायला लागला, कारण घरातली एकुलतं एक धड सॉकेट आता अभ्यासाला लागलं होतं.

मग आली ती युक्ती: पडदा आपल्या आवडीच्या चित्राने सजवा.

आता अदुममधली छपाईची दुकानं काही जिवंत माणसांच्या भरवशावर चालत नाहीत. कुमासीत माणूस जन्मला तर आईला कळतं, पण मेला तर पोस्टर लागून प्रत्येक खांबाला कळतं. त्या यंत्राच्या पोटात तयार चौकटी भरून राहिल्या होत्या: सोनेरी महिरप, जांभळा पडदा, गुलाब आणि वरच्या दोन कोपऱ्यांत पांढरी कबुतरं. टीचरांना त्या फार आवडल्या. एकीत त्यांनी निवृत्तीच्या दिवशीचा, केंटे हे मानाचं रंगीत वस्त्र पांघरलेला फोटो बसवला. खाली ठळक अक्षरांत पूर्ण नाव घातलं, वय घातलं. त्याच्याखाली मागे राहिलेल्यांची नावं लिहायची रिबीन होती. आपण अजून हयात आहोत हे बहुधा त्यांच्या लक्षात असावं, कारण ती त्यांनी कोरी ठेवली.

"अज्वोआ, ये बघायला," त्यांनी हाक मारली.

"पाव जळतील," मी म्हटलं.

मी गेले असते तर पुढचं रामायण टळलं असतं. कबुतरं दिसली की आमच्या गावात कुणी मजकूर वाचायला थांबत नाही. पण शाळा तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला वाटलं, ही फक्त चांगली चौकट आहे.

पुढची युक्ती होती, केलेलं काम आपल्या माणसांना दाखवा म्हणजे हुरूप येतो. त्यांनी ते चित्र घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. वर एक ओळ लिहायची, तर टायपिंगला वेळ लागतो म्हणून नुसतं चित्रच टाकलं. त्याच्या पुढची युक्ती होती, कामात व्यत्यय आणणाऱ्या वस्तू बंद करा. त्यांनी फोन बंद केला, कानांवर हेडफोन चढवला आणि टायपिंगच्या धड्याला बसले.

दुपारी दारात भाड्याची मिनीबस थांबली. आतून माझं सासर उतरलं, सगळे सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांत. पुढे घराण्याचे वडील नाना पेप्रा, काठी टेकत. मागे नणंद आमा न्यार्को, तिच्यामागे तिचा मुलगा ब्रेम्पोंग, आणि मग ज्यांची तोंडं मी फक्त अंत्यविधीला बघते अशा बायका. शनिवार होता, आमच्याकडे अंत्यविधींचा वार. मला वाटलं, कुठेतरी मातीला निघालेत, वाटेत पाव घ्यायला थांबले.

"कोण गेलं?" मी विचारलं.

आमा न्यार्को रडायची थांबली. "ऐकलंत ना नाना? हिला लाज आहे का बघा."

"अज्वोआ," नाना पेप्रा म्हणाले, "नवरा गेला तर आधी घराण्याला निरोप द्यायचा असतो. श्नाप्स दारूची बाटली देऊन माणूस पाठवायचा असतो. तू काय केलंस? सरळ पोस्टर काढलंस. मी ते लोकांच्या फोनमध्ये बघितलं. मी, घराण्याचा वडील."

ब्रेम्पोंगने फोन माझ्यासमोर धरला. महिरप, गुलाब, कबुतरं आणि मधे केंटे पांघरून माझा नवरा, अगदी समाधानाने स्वर्गाकडे निघालेला. आतल्या खोलीतून त्याच्या टायपिंगची टकटक येत होती.

"ते काय वाजतंय?" आमा न्यार्कोने विचारलं.

"टायपिंग चाललंय," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

"कार्यक्रमपत्रिका असेल," ब्रेम्पोंग म्हणाला. "मामीने सगळंच आधी करून ठेवलंय."

ते जिवंत आहेत, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ब्रेम्पोंगने तळहात पुढे केला. "मामी, मामाच्या खोलीची किल्ली."

मी तोंड मिटलं. म्हटलं, "आधी बसा. पाणी घ्या. पाण्याआधी कुणी कशाला आला ते विचारत नाहीत." सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि मागच्या दाराने आत जाऊन टीचरांच्या कानांवरचा हेडफोन ओढला.

"टीचर, तुम्ही वारलात."

"काय?"

"कबुतरं लावलीत ना? तुमची माणसं आली आहेत, जी तशी नाहीत ती. आता तोंडातून शब्द काढू नका. दाराच्या पडद्याजवळ बसा आणि ऐका."

शाळा तपासताना ते वर्गाबाहेर उभे राहून असंच ऐकायचे, त्यामुळे निदान बसायला तरी त्यांना शिकवावं लागलं नाही.

बाहेर आमा न्यार्कोने हंबरडा फोडला, "माझा भाऊ गेला, माझा आधार गेला," आणि त्याच श्वासात विचारलं, "मंडप कुणाचा सांगायचा?" मग ठरत गेलं. शवागारात निदान महिनाभर ठेवायचं, म्हणजे परदेशातल्यांना यायला वेळ मिळेल. बँड पितळी हवा. शवपेटी काळी नको, काळी गरिबाची दिसते. एक गाय नाना पेप्रा स्वतः देणार होते. मागे टीचरांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा याच नानांनी घराण्याची थैली उलटी करून दाखवली होती. माझ्याकडे वळून टीचर ओठांनीच म्हणाले, "गाय?"

"आणि घर?" कुणीतरी विचारलं.

"पुढच्या दोन खोल्या भाड्याने देऊ," ब्रेम्पोंग म्हणाला. "अंगणातली भट्टी पाडली की गाडीला जागा होते."

"आणि अज्वोआ?"

"तिला तिचं घराणं आहे की," आमा न्यार्को म्हणाली. "चाळिसाव्या दिवसापर्यंत राहू दे. आपण काय राक्षस आहोत?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते असे. निदान मढं होऊ तरी द्यायचं.

मी टीचरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मी वाट बघितली. भाड्याने खोल्या गेल्या, भट्टी गेली, मी गेले, तरी ते बसून होते. मग बाहेरून ब्रेम्पोंगचा आवाज आला, "कॉम्प्युटर मी नेतो. आतलं सगळं पुसून टाकलं की विकला जाईल."

"पुसून?" टीचर म्हणाले, आणि पडदा सारून बाहेर गेले.

एका म्हातारीने किंकाळी फोडली. दोघीजणी चपला सोडून मिनीबसकडे पळाल्या, आणि ड्रायव्हरने न विचारताच गाडी सुरू केली. आमा न्यार्कोला खरं रडू त्या दिवशी तेव्हा पहिल्यांदा फुटलं. नाना पेप्रा तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी टीचरांना खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"क्वाबेना," ते म्हणाले, "तू जिवंत आहेस, हे घराण्याला कुणी कळवलं?"

"कुणी नाही, नाना."

"मग हेही रीतीला सोडूनच झालं. एक बाटली श्नाप्स आणि गाडीभाडं."

"मामा, तब्येत कशी आहे?" ब्रेम्पोंगने विचारलं. पुढे केलेला तळहात त्याने हळूच खिशात घातला.

"अक्षरं मोठी केल्यापासून बरी आहे," टीचर म्हणाले.

सगळ्यांनी माझा शुगर ब्रेड पोटभर खाल्ला. काळे कपडे घातलेच आहेत तर वाया कशाला घालवायचे, म्हणून तिथून ते सुआमेत कुणाच्या तरी अंत्यविधीला गेले. गाडी वळली आणि मी टीचरांसमोर उभी राहिले.

"भट्टी पाडत होते तेव्हा उठला नाहीत," मी म्हटलं. "मला बाहेर काढत होते तेव्हा उठला नाहीत. या पेटीसाठी उठलात."

"मी उठणारच होतो, अज्वोआ. पाय उठत नव्हते."

"पेटीसाठी उठले."

मला राग आला होता असं सगळे समजतात, पण राग तर मला रोजच येतो. त्या दिवशी वाईट वाटलं. इतकी वर्षं भट्टीच्या धगीपाशी उभी राहिले ती या माणसासाठी, आणि त्याच्या मनात मी कुठल्या ओळीत बसते ते मला पडद्याआडून कळलं.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर त्यांनी मला हात धरून यंत्रासमोर नेलं. पुस्तकातली शेवटची युक्ती होती: घरात एकाहून जास्त माणसं असतील तर प्रत्येकाच्या नावाची वेगळी जागा करा. पडद्यावर दोन नावं होती. एक त्यांचं, आणि दुसरं त्या राक्षसी अक्षरांत, अज्वोआ सेर्वा. शेजारी पावाचं छोटं चित्र.

"घातलं तुझं नाव," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या टीचरांची मेल्यावरही गेली नव्हती.

नाव बघून बरं वाटलं, हे मी नाकारत नाही. बघून झाल्यावर मी खाली वाकले, भिंतीतली वायर काढली, दुसऱ्या टोकानेही उपटली आणि गुंडाळून पिठाच्या डब्यात टाकली.

"हेच नाव घराच्या कागदावर आलं की वायर मिळेल," मी म्हटलं.

सोमवारी टीचर शर्ट खोचून जमीन कचेरीत गेले. मंगळवारी पुन्हा गेले. साहेब जेवायला गेले होते, मग बैठकीत होते, मग साहेबांच्याच घराण्यात मयत होती. साहेब भेटले तेव्हा कळलं की एके काळी टीचरांनी त्यांना सातचा पाढा येत नाही म्हणून वर्गात बाकावर उभं केलं होतं. साहेबांनीही टीचरांना बाकावर बसवून ठेवलं, पावसाळा सरेपर्यंत. संध्याकाळी घरी आले की ते पिठाच्या डब्याकडे बघायचे आणि जेवायला बसायचे. कंदांचा फुफू मी चांगला कुटून घालायची, तेवढी माया होतीच.

शेवटी कागद आला. मी हात धुऊन तो वाचला, नावांवर बोट ठेवून पुन्हा वाचला, शिक्का उजेडात धरला. मग वायरचं पीठ झटकलं आणि ती टीचरांच्या हातात दिली.

यंत्र सुरू झालं. कबुतरांच्या मधे टीचर तसेच समाधानाने बसले होते.

"काढतो हे," ते घाईने म्हणाले.

"राहू दे. फोटो चांगला आलाय. खाली ती रिबीन कोरी आहे ना, तिथे लिहा."

"काय लिहू?"

"घराची मालकीण, अज्वोआ सेर्वा."

आता त्यांची बोटं भराभर चालत होती, धडे काही वाया गेले नव्हते. अक्षरं मीच मोठी करायला सांगितली.

"आणि आता आपल्या माणसांना पाठवा," मी म्हटलं. "हुरूप येतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ग्रुपवर चित्र टाकलं. या वेळी फोन सुरूच ठेवला. मी पाव भट्टीतून काढले, टोपल्यांत भरले आणि दुपार टळेपर्यंत फाटकापाशी बसून राहिले. एफिदुआसेहून गाडी आली नाही.